परभणीच्या मेळाव्याला जाताना बारावीची पोरं पण न्या



मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी दिसायला लागली आहे. सकाळी चार ओळी फिरून बघा, नुसतं बांधावरून बघून कळत नाही. एवढं सांगून आजच्यापुरता पिकाचा विषय बाजूला ठेवतो. आज ॲडमिशनबद्दल लिहायचंय.

परवा कपाशीत कोळपं चालू होतं. शेजारच्या बांधावरचे आबा आले, धुऱ्यावर बसले, तंबाखू मळली आणि म्हणले, "तू परभणीलाच शिकला ना रे? मग आम्हाला आधी काहून नाही सांगितलं?" मला काही बोलता आलं नाही. कोळपं तसंच उभं राहिलं.

झालं असं की त्यांची लेक यंदा बारावी सायन्स झाली. पोरगी हुशार, सीईटीला मार्क बरे. तिला बीएस्सी ॲग्री करायचं होतं. फॉर्म तालुक्याच्या एका दुकानात भरला. भरणाऱ्यानं विचारलं किती कॉलेजं टाकू, हे म्हणले टाका जवळची दोन-तीन. घटक महाविद्यालय कोणतं, विनाअनुदानित कोणतं, याची घरात कुणालाच माहिती नाही. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपलेली. नवीन काढायचं तर तहसीलच्या चकरा, आणि तेव्हा नेमकी पेरणी. आबा म्हणले पेरणी झाल्यावर बघू. पोरगी ओपनमध्ये धरली गेली आणि नंबर लागला नाही. मग एक जण पत्रकं घेऊन घरी आला, चहा पिला, सीट पक्की म्हणला. व्यवस्थापन कोट्यातून ॲडमिशन झालं. फीसाठी दोन म्हशी विकल्या. आणि आता कळलं की मुलींना शिक्षण मोफत म्हणून जे ऐकलं होतं ते या कोट्याला लागूच नाही.

यात आबांची चूक किती, आणि माझी किती? मी त्याच बांधाला बांध लावून शेती करतो. मला हे सगळं माहीत होतं. मी मे महिन्यात एकदा त्यांच्या घरी जाऊन बसलो असतो तर म्हशी दावणीला राहिल्या असत्या.

म्हणून आज जरा रोखठोक लिहितो, आणि माझ्यासारख्या कृषी पदवी घेतलेल्या सगळ्यांना उद्देशून लिहितो. आपल्या भागात आपण काही थोडे नाहीत. कुणी कृषी खात्यात, कुणी बँकेत शेती अधिकारी, कुणाचं कृषी सेवा केंद्र, कुणी जालन्याच्या बियाणे कंपनीत. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी जालन्यात महिको काढली, तेव्हापासून हा जिल्हा बियाण्याचा झाला आणि कृषी पदवीधरांना घराजवळ काम मिळालं. आपण शेतकऱ्याला कोणतं वाण लावायचं, कोणतं औषध मारायचं हे रोज सांगतो. पण त्याच शेतकऱ्याचं लेकरू कोणत्या कॉलेजला टाकायचं हे सांगायला आपण जात नाही. तिथं पत्रकवाला जातो, कारण त्याला त्याचे पैसे मिळतात.

माजी विद्यार्थी म्हणलं की आपल्याकडं काय? बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप, वाढदिवसाचे केक, दहा वर्षांनी एक गेट-टुगेदर, त्यात फेटे आणि फोटो. मी पण असतो त्या फोटोत. अमेरिकेत एमआयटी म्हणून विद्यापीठ आहे. तिथं शिकून गेलेली माणसं आपापल्या गावी राहून नवीन अर्ज करणाऱ्या पोरांना भेटतात, बोलतात, त्यांच्याबद्दल विद्यापीठाला लिहून कळवतात. कुणी पगार देत नाही. एमआयटीकडं तर पोरांची रीघ लागलेली असते, तरी हे करतात. आपल्याकडं खरी गरज आहे आणि आपण करत नाही.

लांबचं कशाला. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातले राजू केंद्रे. घरात कॉलेजात जाणारी पहिली पिढी. पुण्यात शिकायला गेले, तिथं टिकता आलं नाही, मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आणि पुढं टिसला गेले. आपल्याला जे कुणी सांगितलं नाही ते दुसऱ्याला सांगायचं म्हणून २०१७ मध्ये यवतमाळला एकलव्य सुरू केलं. खेड्यातल्या पोरांना टिस, अझीम प्रेमजी विद्यापीठ अशा ठिकाणी अर्ज कसा करायचा, परीक्षेची तयारी कशी करायची हे तिथं शिकवतात, आणि त्यात आधी पोचलेली पोरं मागच्यांचा हात धरतात. पुढं केंद्रे स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन आले. त्यांच्या कामात मला सगळ्यात जवळची वाटते ती ही गोष्ट, की सांगणारा कालपर्यंत ऐकणाऱ्याच्याच जागी बसलेला असतो. मोठ्या साहेबाचं भाषण पोरं ऐकून सोडून देतात. आपल्याच गल्लीतला दादा बोलला की डोक्यात राहतं.

आता आपल्या पोरांना सांगायचं काय? सांगण्यासारखं इतकं आहे की दोन तास पुरणार नाहीत.

कृषी म्हणजे एकटी बीएस्सी ॲग्री नाही. उद्यानविद्या आहे, अन्नतंत्रज्ञान आहे, कृषी अभियांत्रिकी आहे, जैवतंत्रज्ञान आहे. गणित घेतलेल्या पोराला वेगळा रस्ता, जीवशास्त्रवाल्याला वेगळा. शेतकऱ्याच्या लेकराला सातबाऱ्यावर जादा गुण मिळतात, पण नुसता उतारा जोडून भागत नाही, ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. जात पडताळणी बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाकायची, निकालाची वाट बघायची नाही. अल्पभूधारकाच्या लेकराला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्यासाठी अल्पभूधारकाचा दाखला लागतो. देशपातळीवर आयसीएआरच्या जागा सीयूईटीवर भरतात, त्यातून दुसऱ्या राज्यातल्या कृषी विद्यापीठात जाता येतं. आपल्या पट्ट्यात हे किती पोरांना माहीत आहे? मी विचारून बघितलं, सीयूईटी म्हणजे काय हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पसंतीक्रम भरताना हात आखडता घ्यायचा नाही. घटक महाविद्यालयं आधी, मग बाकीची. केंद्रीय फेरीतून लागलं तर शिष्यवृत्ती, व्यवस्थापन कोट्यातून घेतलं तर घरची म्हैस.

बदनापूरचं सांगतो. बीडीएन ७११ तूर आपल्याकडं कितीतरी घरात लावतात. ती बदनापूरच्या संशोधन केंद्राची. पण त्याच बदनापूरला विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे, हे तूर लावणाऱ्याच्या पोराला माहीत नसतं. तुरीचं बी घरापर्यंत पोचलं, कॉलेजची बातमी पोचली नाही.

दुसरी बाजू पण लिहितो, नाहीतर मी पण पत्रकवालाच झालो. माजी विद्यार्थ्यानं कॉलेजचा दलाल व्हायचं नाही. पदवी घेतली की नोकरी लागते असं कुणालाही सांगू नका, ते खोटं आहे. स्पर्धा परीक्षेच्या नादात सहा-सहा वर्षं अभ्यासिकेत बसलेले कृषी पदवीधर आपण सगळे ओळखतो. काही जण घरी यायला लाजतात. हे पण पोराला आणि बापाला समोर बसवून सांगायचं. एखाद्याला कशातच रस नसेल, नुसतं सीईटीत मार्क कमी आले म्हणून ॲग्रीला चालला असेल, तर नको जाऊ म्हणायची तयारी पाहिजे. ज्याच्यात नको म्हणायची हिंमत नाही त्यानं हे काम हातात घेऊ नये.

कुणी म्हणेल, हे विद्यापीठाचं काम, आपण कशाला. विद्यापीठाच्या वेबसाईटवर सगळं असतं हे खरं. पण आबांच्या घरात वेबसाईट कोण वाचणार? आणि वाचली तरी दोन कॉलेजांतला फरक त्यात कळत नाही. तो तिथं चार वर्षं राहिलेल्यालाच सांगता येतो.

नंबर लागला म्हणजे काम संपलं असं पण नाही. पहिले पंधरा दिवस लई वाईट जातात. मला अजून आठवतं, पहिल्या तासाला सर इंग्रजीत बोलायला लागले आणि मला वाटलं आपण चुकीच्या वर्गात बसलो. मराठी शाळेतून गेलेल्या प्रत्येकाचं हेच होतं. ज्या मातीत लहानपणापासून खेळलो तिचंच नाव पुस्तकात असं असतं की ओळखू येत नाही. मेसचं जेवण, खोलीतली अनोळखी पोरं, रॅगिंगची भीती. त्या वेळी तिथं शिकणारा आपल्या भागातला एखादा सीनियर बसस्टँडवर घ्यायला आला, हॉस्टेलपर्यंत सोडून गेला, जुनी पुस्तकं दिली, तर पोरगं टिकतं. नसता दिवाळीला घरी येतं आणि परत जायला तयार होत नाही. मुलींचं तर बाप पहिल्याच आठवड्यात परत आणतो. त्यामुळं मुलींसाठी शिकून गेलेल्या मुलींनी पुढं यावं, हे आपल्याला जमणार नाही.

एक सोपी गोष्ट कृषिदूतांची. दरवर्षी शेवटच्या वर्षाची पोरं-पोरी कार्यानुभवासाठी गावागावात येऊन राहतात. बीजप्रक्रिया दाखवतात, रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, फोटो काढतात आणि जातात. ती विशी-एकविशीची लेकरं आहेत, बारावीच्या पोरांशी त्यांच्याइतकं मोकळं कोण बोलणार? ग्रामपंचायतीनं किंवा शाळेनं त्यांना एक दिवस कनिष्ठ महाविद्यालयात बोलवलं तरी काम होतं. त्यांच्या मास्तरांनी, म्हणजे हे वाचणाऱ्या प्राध्यापक मंडळींनी, हा एक दिवस कार्यक्रमात धरावा अशी माझी विनंती आहे.

आणि मेळावा. परभणीला पहिलं कृषी महाविद्यालय १९५६ चं, विद्यापीठ १८ मे १९७२ चं. म्हणून १८ मे ला खरिपाचा मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी रब्बीचा. आपण गाड्या करून जातो, रांगेत उभं राहून बियाण्याच्या पिशव्या घेतो, स्टॉल बघतो, घरी येतो. इतक्या वर्षांत एकदा पण मी गावातलं बारावीचं पोरगं सोबत नेलं नाही. डोक्यातच आलं नाही.

यंदा १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की हसनाबादहून आमची गाडी निघेल. त्यात सहा जागा बारावी सायन्सच्या पोरा-पोरींसाठी ठेवल्यात, मुलींसोबत आई किंवा भाऊ आला तरी चालेल. आमच्या गाडीत बसलेल्यांना मेळावा झाला की वसतिगृह, ग्रंथालय आणि प्रक्षेत्र दाखवायचं माझ्याकडं. राजूर, भोकरदनच्या पदवीधरांनी आपापली गाडी बघावी. आबांच्या धाकट्या पोराचं नाव मी पहिलं लिहिलंय, तो आता अकरावीला आहे, पण आबा म्हणले त्याला आत्ताच ने.