उद्घाटनानंतरची विज्ञान केंद्रे

विज्ञान केंद्र मंजूर झाले की बातमी येते, भूमिपूजनाची दुसरी येते, उद्घाटनाची तिसरी. चौथी बातमी सहसा येत नाही. केंद्र सुरू होऊन सात-आठ वर्षे झाल्यावर आतले किती प्रयोग चालू आहेत आणि ते समजावून सांगायला कोणी आहे का, हे ना सभागृहात विचारले जाते ना अंदाजपत्रकावरच्या चर्चेत. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची देशभर पंचविसेक केंद्रे आहेत, आणि परिषदेनेच उभारून राज्यांच्या हवाली केलेली आणखी वेगळी. जगात सरकारी खर्चाने चालणारी एवढी मोठी विज्ञान संग्रहालयांची साखळी क्वचितच सापडेल. पण ती वाढली कशी हे पाहिले, तर तिचे बळ इमारतींत कधीच नव्हते असे दिसते. आज पैसा आणि कौतुक मात्र इमारतींच्याच वाट्याला जाते.

म्युनिकचे डॉइचेस म्युझियम पाहून बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय भारावले होते. त्यातून आणि बिर्ला कुटुंबाने दिलेल्या वास्तूतून २ मे १९५९ रोजी कोलकात्यात बिर्ला औद्योगिक आणि तंत्रवैज्ञानिक संग्रहालय सुरू झाले. बंगळूरला विश्वेश्वरय्यांच्या नावाचे संग्रहालय त्याच्या मागोमाग आले. दोन्ही तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या अखत्यारीत होती. कोलकात्याच्या मंडळींनी पुढे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसरी इमारत मागण्याऐवजी १९६५ मध्ये त्यांनी प्रयोग गाडीत भरले आणि ते बंगालच्या शाळाशाळांतून फिरवायला सुरुवात केली. ‘फिरते विज्ञान प्रदर्शन’ या नावाने पुढे देशभर माहीत झालेल्या बसगाड्यांचे मूळ ते. मुंबईतही हाच क्रम दिसतो. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, आधी उघड्यावरचे विज्ञान उद्यान सुरू झाले. मुख्य केंद्राचे उद्घाटन व्हायला नोव्हेंबर १९८५ उजाडले. म्हणजे मुले झोके, कप्प्या आणि तरफा हाताळत होती, आणि इमारत मागाहून आली.

४ एप्रिल १९७८ रोजी स्वतंत्र परिषद स्थापन झाली तेव्हा तिच्यापुढे तीन पायऱ्यांचा आराखडा होता: महानगरांत राष्ट्रीय केंद्र, राज्यांच्या मोठ्या शहरांत प्रादेशिक केंद्र आणि त्याखाली जिल्हा केंद्र. परिषदेची पायाभरणी करणारे सरोज घोष हे स्वतः त्या बसगाड्यांच्या कामातून वर आलेले, त्यामुळे तिसरी पायरी नुसती कागदावर राहिली नाही. १९८२ मध्ये पुरुलियात, १९८४ मध्ये गुलबर्गा आणि धरमपूरला, १९८७ मध्ये तिरुनेलवेलीला जिल्हा विज्ञान केंद्रे उघडली. ही गावे पाहा. एकही राजधानी नाही, एकही पर्यटकांच्या वाटेवरचे नाही. मात्र पुढे या पायरीचा वेग मंदावला. १९९०च्या दशकात दिल्लीचे राष्ट्रीय केंद्र, नागपूरचे रमण विज्ञान केंद्र, भोपाळ, गुवाहाटी अशी मोठ्या शहरांतली केंद्रे आली, आणि १९९७ मध्ये कोलकात्याची भव्य सायन्स सिटी. ती लोकांना आवडली, आणि मग प्रत्येक राज्याला आपलीही एक असावी असे वाटू लागले. महाराष्ट्रात परिषदेची स्वतःची केंद्रे मुंबई आणि नागपूर ही दोनच. पेठ-सुरगाण्याच्या मुलांना मुंबईपेक्षा धरमपूर कितीतरी जवळ पडते. पण ते राज्याच्या सीमेपलीकडे, आणि शाळेची सहल कुठे न्यायची हे आपल्याकडे अंतरापेक्षा अधिकारकक्षेवर ठरते.

छोट्या गावांतले काम पुढे न्यायला एक योजना आली. केंद्र सरकार आणि राज्य मिळून खर्च करतात, जागा राज्य देते, परिषद प्रयोग बनवून केंद्र उभे करते आणि ते राज्याच्या ताब्यात देते. पिंपरी-चिंचवडचे सायन्स पार्कही असेच परिषद आणि महापालिका यांच्या भागीदारीतून झाले. योजना वाईट नाही. तिच्यातली मेख हस्तांतरणात आहे. परिषदेकडे कार्यशाळा आहेत, सुतार, फिटर, इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ आहेत, कोलकात्यात प्रशिक्षण आणि संशोधनाची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे. ज्याच्या हाती केंद्र जाते त्या खात्याकडे किंवा पालिकेकडे यातले सहसा काहीच नसते. तिथे एक वर्षाची वॉरंटी असते, एक वार्षिक निविदा असते आणि सर्वांत कमी दराचा ठेकेदार असतो.

याचा परिणाम समजायला एकच साधा प्रयोग घ्या. तांब्याचा एक पत्रा, ॲल्युमिनियमचा दुसरा, मध्ये मीटर. दोन्ही हात दोन पत्र्यांवर ठेवले की काटा सरकतो, कारण तळहाताचा घाम आणि दोन वेगळे धातू मिळून एक घट तयार होतो. हात ओले केले तर काटा आणखी पुढे जातो. चौघांनी हात धरून साखळी केली तर रोध वाढून मागे येतो. पाठ्यपुस्तकातले विद्युतघटाचे प्रकरण इथे तीस सेकंदांत अंगाला कळते. आता हाच पत्रा रोज शेकडो मुले हाताळतात. त्यावर मळाचा आणि ऑक्साइडचा थर बसतो, तारेचा सांधा सैल होतो, काटा अडकतो. रोज पुसणारा, महिन्याला सांधे तपासणारा माणूस नसेल तर वर्षभरात प्रयोग मेला. मग मुलगी हात ठेवते, काही होत नाही, आणि ती पुढे जाते. काचेआडचे नाणे कोणी लक्ष दिले नाही तरी नाणेच राहते. बंद पडलेला प्रयोग मात्र चुकीचेच शिकवतो: पुस्तकात लिहिलेले प्रत्यक्षात घडत नाही, हे.

मोबाइलवर सगळे प्रयोग दिसत असताना हे कशाला, असे कोणी म्हणेल. व्हिडिओतला प्रयोग नेहमी यशस्वी होतो, आणि पाहणाऱ्याचा हात कोरडा आहे की ओला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. एवढे उत्तर पुरे. याहून गंभीर आक्षेप असा की, शाळांतच धड प्रयोगशाळा नाहीत, तर पैसा आधी तिथे द्यावा. ही मागणी रास्तच आहे. पण शाळेची प्रयोगशाळाही नेमकी याच दुखण्याने बंद पडते: साहित्य येते, दुरुस्त करणारा येत नाही, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात राहते. जिल्ह्यात एक चालती कार्यशाळा आणि दोन तंत्रज्ञ असतील तर ते केंद्राचे पत्रे घासतील, तसेच तालुक्यातल्या शाळांचे मीटरही दुरुस्त करतील आणि उन्हाळ्यात शिक्षकांचे वर्ग घेतील. तेव्हा प्रयोगशाळा की केंद्र हा झगडा मुळातच लटका आहे.

तिसरा मुद्दा हिशेबाचा. कोलकात्याची सायन्स सिटी तिकिटांतून आणि सभागृहांच्या भाड्यातून मोठी कमाई करते, मग इतरांनी का करू नये? कारण पुरुलियाला कोलकात्याची वस्ती नाही आणि गडचिरोलीला नागपूरची. उत्पन्न हाच निकष लावला तर केंद्रे जिथे मॉल आहेत तिथेच निघतील. १९७६च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले, ते शहर पाहून नव्हे. ग्रंथालयाला आपण नफा विचारत नाही. इथे का विचारावा?

करायचे ते फार मोठे नाही. हस्तांतरणाच्या करारातच दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम आणि तंत्रज्ञांची पदे बांधून घ्यावीत, आणि ती पदे भरल्याशिवाय फीत कापू नये. नवी सायन्स सिटी मागणाऱ्या राज्याने आधी दोन बसगाड्या चालवून दाखवाव्यात, चालक आणि डिझेलसह. आणि प्रत्येक केंद्राच्या अहवालात प्रेक्षकसंख्येच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: एकूण प्रयोग किती, त्यांपैकी ३१ मार्चला चालू किती.