तळे कोणासाठी स्वच्छ?

शहरातील बागेचे तळे स्वच्छ करावयाचे ठरले की कामाची यादी ठरलेली असते. काठाला सिमेंटची भिंत, मधोमध कारंजे, तळातील गवताचे समूळ उच्चाटन आणि उद्घाटनाचा फलक. पाणी काही दिवस नितळ दिसते. मात्र त्यात बेडूक अंडी घालीत नाही आणि पाणकोंबडी फिरकत नाही. सौंदर्यीकरणाची ही कल्पना आता खेड्यांतील तलावांपर्यंत पोहोचली आहे. म्हणून स्वच्छता म्हणजे काय, आणि ती कोणासाठी, हा प्रश्न केवळ निसर्गप्रेमींचा राहिलेला नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक जुने मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या कौशल्याने आणि असंख्य अनाम मजुरांच्या घामाने ते उभे राहिले. भाताला पाणी, गुरांना पाणी आणि ढिवरांना मासळी, असा त्यांचा संसार होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले. जमीनदारी जाणे न्याय्यच होते. परंतु मालकाबरोबर देखभालीची जुनी घडीही मोडली, आणि तिच्या जागी गावाचे लोकशाही नियंत्रण आले नाही. आले ते खात्यांचे कागद. पाण्याचा हिशेब एकीकडे, मासळीचा ठेका दुसरीकडे, आणि तलावाच्या आरोग्याची जबाबदारी कोणाकडेच नाही.

तलावाचे आरोग्य पाण्याच्या नितळपणावर ठरत नाही. पाण्याखालचे गवत दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते, माशांच्या पिल्लांना आसरा देते. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे करतो. उतरता, उथळ काठ हे बेडकांचे आणि बगळ्यांचे क्षेत्र. शेतातील रासायनिक खत आणि गावाचे सांडपाणी तलावात उतरले की शेवाळ माजते. रात्री ते आणि कुजणारा पाला मिळून प्राणवायू खाऊन टाकतात, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडे ठेवून तडफडतात. मासे मेले की दोष ढिवराच्या नशिबाला दिला जातो, खताच्या धोरणाला नाही.

दुसरे संकट बेशरम या परदेशी झुडपाचे. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. ते उथळ काठ व्यापते आणि तेथील देशी वनस्पती गुदमरतात. त्यातच जलद उत्पन्नाच्या हव्यासाने गवत्या मासा सोडला तर उरलेले पाणगवतही संपते. मग मरळ आणि शिंगी यांना थारा कोठे?

गाळ काढणे आवश्यकच आहे आणि तो शेतात जाणेही हिताचे. 2017 मध्ये शासनाने त्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. परंतु यंत्राने सारा तलाव एका हंगामात सारखा खोल खणला तर उथळ काठ जातो आणि चिखलातील बीही जाते. घनमीटरच्या हिशेबात बेडूक बसत नाही. तलाव टप्प्याटप्प्याने साफ करावा, एक बाजू अस्पर्श ठेवावी, उपटलेले गवत दोन दिवस काठावरच राहू द्यावे, म्हणजे त्यातील जीव पाण्यात परततात. विषारी औषध तर कदापि ओतू नये.

हे सांगण्यास परदेशी तज्ज्ञाची गरज नाही. भंडारा-गोंदिया भागातील काही गावांत ढिवर स्त्री-पुरुषांनी स्वतः बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. पक्षी आणि मासळी यांचे हित परस्परविरोधी नाही, हे त्यांनी श्रमाने सिद्ध केले. तलाव ज्याला पोसतो, तोच त्याची खरी निगा राखतो.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे म्हणून स्पष्ट काम आहे. तलावाच्या साफसफाईचा आराखडा ठेकेदाराच्या कचेरीत नव्हे, ग्रामसभेत ठरला पाहिजे. त्यात ढिवर सहकारी संस्थांचा आणि स्त्रियांचा आवाज निर्णायक असावा. मजुरी स्थानिक हातांना, रोजगार हमीतून मिळावी. सांडपाणी तलावाबाहेर वळविण्याची मागणी ग्रामपंचायतीपासून सुरू व्हावी. कठडा आणि कारंजे मागण्यापेक्षा हे कठीण आहे, कारण त्याचा फलक लागत नाही. परंतु तलावावरचा जनतेचा हक्क फलकाने नव्हे, काठावर केलेल्या कामानेच टिकणार आहे.