आमदारसाहेब, आधी खात्री, मग सीमा

मा. आमदारसाहेब,


परवा तुमच्या जनसंपर्क कार्यालयात बांगलादेशी घुसखोरांचा विषय निघाला आणि मागे पाण्याच्या तक्रारी घेऊन माणसे खोळंबली होती म्हणून अर्धवटच राहिला. उरलेले जाहीरपणे लिहितो.

बेकायदा आलेल्या परदेशी माणसाला शोधून परत पाठवावे, याबद्दल आपला वाद नाही. परदेशी नागरिकांविषयीचा 1946 चा कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा आला. आपण भारतीय आहोत हे सिद्ध करण्याचा भार दोन्हींत त्या माणसावरच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असले म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. कायद्याने बरोबरच आहे. मग नाक्यावर उभ्या असलेल्या गवंड्याने दाखवायचे काय? जन्मदाखला? साहेब, आपल्याकडे गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख लावून दिलेल्यांची फौज आहे. उद्या परराज्यात कोणी अडवले, तर त्यातले किती टिकतील?

हे नुसते तर्कट नाही. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या काही मजुरांना सीमा सुरक्षा दलाकडे सोपवून बांगलादेशात ढकलण्यात आले. ते मुर्शिदाबाद, पूर्व बर्धमानकडचे भारतीय नागरिक निघाले. पश्चिम बंगाल सरकारने धावाधाव केली तेव्हा त्यांना परत आणावे लागले. आपल्यासाठी हे नवेही नाही. जुलै 1998 मध्ये, युतीच्या राजवटीत, मुंबईतून बांगलादेशी ठरवलेल्या लोकांना हावड्याच्या गाडीत बसवून नेले जात होते. उलुबेडिया स्थानकात जमावाने गाडी अडवली आणि त्यांना सोडवून नेले. मुर्शिदाबाद-मालद्याकडची बोली सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलली जाते. तेव्हा नुसत्या बोलण्यावरून देश ठरवणारा पोलीस भाषेचा कितीही जाणकार असला, तरी चुकणारच.

हा विषय केंद्राचा, असे तुम्ही म्हणालात. नागरिकत्वाचा कायदा केंद्राचा, हे खरे. पण परदेशी नागरिकांना शोधण्याचे अन् परत पाठवण्याचे अधिकार केंद्राने केव्हाच राज्यांना दिलेले आहेत. आणि पहाटे दार ठोठावणारा हवालदार आपल्या गृहखात्याचाच ना? अटक झालेल्याला 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, असे राज्यघटनेचे 22 वे कलम सांगते. शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता एवढेच अपवाद. त्या दंडाधिकाऱ्याने मजुराच्या गावच्या पोलीस ठाण्याला एक फोन लावायला लावला, तरी निम्मे घोळ टळतील.

दुसरे बोलायचे राहिले ते कागद विकणाऱ्यांबद्दल. 2023 च्या दुरुस्तीनंतर उशिराच्या जन्मनोंदणीचा आदेश न्यायदंडाधिकाऱ्याकडून महसुली अधिकाऱ्यांकडे आला. मालेगावच्या संशयास्पद जन्मदाखल्यांचे प्रकरण गाजले, जानेवारी 2025 मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. घुसखोर झोपडीत सापडतो, पण त्याचा दाखला सरकारी टेबलावर तयार होतो. आणि त्याला कामावर ठेवतो कोण? निम्म्या मजुरीत राबणारा, तक्रार करू न शकणारा माणूस ठेकेदाराला हवाच असतो. तुमच्या वाढदिवसाच्या फलकांवर ज्या बिल्डरांचे फोटो झळकतात, त्यांच्या साइटवर मुकादमाचे हजेरीपुस्तक एकदा उघडून पाहा. छापा वस्तीवर पडतो, साइटच्या ऑफिसवर कधी पडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

तुमचे कार्यकर्ते मला घुसखोरांचा कैवारी म्हणतील. म्हणू देत.

माझी मागणी साधी आहे. येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न लावा: आपल्या जिल्ह्यातून किती जणांना सीमेपार पाठवले, त्यांतल्या किती जणांना आधी दंडाधिकाऱ्यापुढे नेले, किती जण भारतीय निघून परत आले, आणि किती ठेकेदारांवर व दाखले देणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले? मंत्र्यांचे लेखी उत्तर आले, की ते जसेच्या तसे तुमच्या कार्यालयाबाहेर लावा.

आपला,
ठाणे जिल्ह्यातील एक मतदार