'बळी' या शब्दाचा घोटाळा

धर्मेतिहासावर मराठीत जे लेखन होते त्यात एक मांडणी वारंवार भेटते. प्राचीन इस्राएली लोकांचा देव रक्ताने संतुष्ट होणारा होता, पापाची किंमत म्हणून त्याला जनावर द्यावे लागे, पुढे संदेष्टे आले, त्यांनी हे सारे मोडीत काढले आणि धर्म उन्नत झाला, अशी ती मांडणी. ती वाचायला सुटसुटीत आहे, आणि आपण स्वतः त्या शिडीच्या वरच्या पायरीवर उभे आहोत असे समाधानही देते. आमच्या मते ती जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर चुकीची आहे.

तिचा उगम शोधू गेल्यास तो इस्राएलात सापडत नाही, जर्मनीत सापडतो. युलिउस वेलहाउसेन यांनी १८७८ साली इस्राएलच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, याजकांचे विधिनियम हे उत्तरकालीन असून जिवंत, उत्स्फूर्त उपासनेचे ते वाळलेले रूप आहे. कालानुक्रमाविषयीचे त्यांचे काम मोठे होते, आणि त्यावरचा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु कर्मकांड म्हणजे अधोगती हा जो ग्रह त्या कामाला चिकटून आला, तो तत्कालीन प्रॉटेस्टंट मनाचा होता, पुराव्यातून निघालेला नव्हता. आपण तो ग्रह निष्कर्ष समजून उचलला.

त्यात भर घातली आपल्याच एका शब्दाने. मराठीत 'बळी' म्हटले की मारला गेलेला जीव डोळ्यांसमोर येतो. अपघातात बळी जातात, साथीत बळी जातात. हाच शब्द लेवीय या ग्रंथातील प्रत्येक अर्पणाला लावला की मारणे हाच विधीचा गाभा वाटू लागतो. मूळ हिब्रू शब्द आहे 'कोर्बान'. त्याचा धातू 'जवळ येणे, जवळ आणणे' या अर्थाचा आहे. हैदराबाद-इंदूरकडच्या वाचकांना तो परका वाटू नये: 'करीब' आणि 'कुर्बानी' हे दोन्ही शब्द त्याच सेमिटिक धातूचे अरबी वंशज आहेत. मूठभर पीठ हेही कोर्बानच असते. प्राण्याच्या अर्पणासाठी 'झेवाह' असा वेगळा शब्द आहे आणि वेदीचे हिब्रू नाव त्याच कापण्याच्या धातूवरून आले आहे, हे आम्ही नाकारत नाही. मात्र लेवीयातील विधी पाहिला तर पशू वेदीवर कापला जात नाही, तिच्या बाजूला कापला जातो. आणि सामान्यतः कापणारा याजक नसून अर्पण आणणारा स्वतः असतो. याजकाचे खास काम त्यानंतर, रक्तापासून सुरू होते. ज्या कृतीला आपण गाभा समजतो, ती त्या विधीने यजमानाकडे सोपवलेली आहे.

अर्पणांचे मुख्य प्रकार पाच. 'ओलाह्' हे वर चढणारे अर्पण, जे कातडे वगळता संपूर्ण जाळले जाई. 'मिन्हा' हे सपीठ, तेल आणि ऊद यांचे. त्यात खमीर आणि मध वर्ज्य, मीठ आवश्यक. 'शेलामीम' या अर्पणात चरबी वेदीवर जाई, ऊर आणि उजवी मांडी याजकाला मिळे आणि उरलेले मांस यजमान आपल्या माणसांसह खाई. आभारासाठी केलेले हे अर्पण त्याच दिवशी संपवावे लागे. साठवण्याची सोय नसल्यामुळे ते वाटून खाणे ओघानेच आले. 'हत्तात' आणि 'आशाम' या दोहोंचा संबंध दोष आणि शुद्धी यांच्याशी. एवढ्या निरनिराळ्या हेतूंवर 'बळी' ही एकच चिठ्ठी चिकटवणे म्हणजे नैवेद्य, होम, श्राद्ध आणि प्रायश्चित्त यांना एकच नाव देण्यासारखे आहे.

आता लाचेचा आरोप. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात फसवणुकीचा प्रसंग आहे. कोणी ठेव बुडवली, लुबाडले, सापडलेली वस्तू लपवली आणि वर खोटी शपथ घेतली, तर त्याने काय करावे? प्रथम मूळ वस्तू आणि तिच्या एकपंचमांश भरपाई ज्याची त्याला परत द्यावी. त्यानंतर मेंढा घेऊन वेदीकडे यावे. गणना या ग्रंथात त्याआधी दोषाची कबुलीही सांगितली आहे. देवाकडे जाण्याची वाट शेजाऱ्याच्या दारावरून जाते, असा हा नियम आहे. लाच देणारा ज्याचे लुबाडले त्याला टाळून वर वशिला लावतो. येथे नेमका तोच मार्ग बंद केला आहे. शिवाय हत्तात हे अनवधानाने घडलेल्या दोषांसाठी आहे. जो उन्मत्तपणे, हात उगारून पाप करतो त्याला गणनेच्या पंधराव्या अध्यायात कोणतेच अर्पण ठेवलेले नाही. बाजारात विकत मिळणारी क्षमा असती, तर सर्वांत मोठ्या अपराधाला सर्वांत मोठा भाव लागला असता.

गरिबाची व्यवस्थाही पाहावी. ज्याला शेळी वा कोकरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणावेत. तेही जमत नसेल त्याने एक दशांश एफा, म्हणजे सुमारे दोन लिटर मापाचे, सपीठ आणावे. त्यावर तेल नको, ऊद नको. त्या पिठाने त्याचा दोष तितकाच पुरता फिटतो. रक्ताशिवाय ज्याचे चालत नाही असा देव या नियमात बसत नाही.

मग रक्त कशासाठी? लेवीयाचे उत्तर असे की प्राण रक्तात असतो, म्हणून ते खायचे नाही, वेदीला द्यायचे. याकोब मिलग्रोम (१९२३–२०१०) या विद्वानाने या ग्रंथावर तीन खंडांचे भाष्य लिहिले. त्यांनी एका साध्या गोष्टीवर बोट ठेवले. हत्तातचे रक्त पाप्याच्या अंगाला कधीच लावले जात नाही. ते वेदीच्या शिंगांना लावले जाते. बीरशेबा येथे १९७३ साली अशा शिंगांच्या वेदीचे दगड सापडले, ते एका कोठाराच्या भिंतीत बसवलेले होते. ती शिंगे पाहिली की ग्रंथातले वर्णन मूर्त होते. शिवाय बाळंतिणीलाही हत्तात सांगितले आहे, आणि प्रसूती हे पाप नव्हे. मिलग्रोम यांचा निष्कर्ष असा की, हे पापाचे मोल नसून पवित्र स्थानाच्या शुद्धीचे अर्पण आहे. माणसांच्या दुष्कृत्यांचा मळ मंदिरावर साचतो आणि तो फार साचला तर देव तेथे राहणार नाही, ही त्यामागची धारणा. हे मत सर्वांना मान्य नाही. पण पुराव्याशी झुंजणारे मत कसे असते, हे त्यावरून कळते.

'बळीचा बकरा' हा तर आपला लाडका वाक्प्रचार. लेवीयाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणले जातात. एक कापला जातो, आणि त्याच्या डोक्यावर लोकांची पापे ठेवलेली नसतात. ज्याच्यावर ती ठेवली जातात तो दुसरा बकरा अजाजेलसाठी जिवंत रानात सोडला जातो. त्याला कड्यावरून लोटण्याची प्रथा मिश्नात येते, मूळ अध्यायात ती नाही. म्हणजे पापे वाहणारा बकरा तिथे 'बळी' नाही आणि बळी जाणारा पापे वाहत नाही.

आता संदेष्ट्यांकडे वळू. यशया, आमोस आणि यिर्मया यांनी अर्पणांवर कडक शब्दांत कोरडे ओढले, हे खरे. किंबहुना यिर्मयाचे एक वचन अर्पणांची आज्ञाच मुळात दिली नव्हती असे सुचवते, आणि त्याचा अर्थ लावणे आमच्या बाजूला सोपे नाही. परंतु यशया त्याच पहिल्या अध्यायात लोकांची प्रार्थनाही झिडकारतो, कारण त्यांचे हात रक्ताने भरलेले आहेत. त्यावरून यशयाला प्रार्थना बंद करायची होती असे कोणी म्हणत नाही. मग अर्पणापुरताच तो न्याय का? मलाखी तर आंधळे, लंगडे पशू आणणाऱ्यांना झापतो. ज्याला अर्पणे मोडायची आहेत तो त्यांच्या हलक्या प्रतीबद्दल कशाला चिडेल? संदेष्ट्यांचा राग लुबाडून वेदीकडे येणाऱ्यांवर होता, आणि लेवीयाचा एकपंचमांश भरपाईचा नियमही त्याच माणसाला दारात अडवतो.

अर्पणे थांबली ती कोणाच्या उपदेशाने नव्हे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले म्हणून ती थांबली. त्यानंतरही इ.स. २०० च्या सुमाराच्या मिश्नात त्यांचे तपशील जपले गेले आणि दुपारच्या प्रार्थनेला 'मिन्हा' हेच नाव राहिले. बाराव्या शतकात मैमोनिदेस यांनी अर्पणे ही लोकांच्या सवयीला दिलेली सवलत होती असे म्हटले. तेराव्या शतकात नाहमानिदेस यांनी त्यांना जोरदार विरोध केला. आपण ज्यांना पायरीखालचे समजतो, त्यांनी हा वाद आपल्या कितीतरी आधी आणि अधिक जाणतेपणाने घातला आहे.

यात पशुहत्येचे समर्थन आम्ही करीत नाही. याजकांत लोभ होता, आणि होशेयाने तो उघड सांगितला आहे. वेदीवरच्या भागाला 'देवाचे अन्न' म्हणण्याची जुनी भाषाही त्या ग्रंथात उरलेली आहे. पण एखादी गोष्ट अमान्य करण्याआधी ती काय होती हे समजून घ्यावे लागते.

आपल्याच भाषेचे एक बिऱ्हाड या विषयाशी जोडलेले आहे. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावोगाव शनवार तेली म्हणत, संदेष्टा एलीया याच्या स्मरणार्थ पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करतात. तो थेट मंदिरातल्या मिन्हाचा वंशज आहे असा दावा आम्ही करणार नाही. पण देवापुढे अन्न ठेवून ते सर्वांनी मिळून खाणे म्हणजे काय, हे मराठीतच जाणणारी माणसे शेकडो वर्षे आपल्या शेजारी होती. त्यांना न विचारता आपण त्यांच्या पूर्वजांविषयी जर्मन ग्रंथांना विचारले. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहून ज्यांनी आपल्या सणांना आणि कुळाचारांना इतरांनी दिलेली उफराटी नावे ऐकली आहेत, त्या आपल्यासारख्या घराण्यांनी तरी दुसऱ्याच्या उपासनेला नाव देताना तिच्याच भाषेतला शब्द आधी विचारावा. इस्राएलाच्या बाबतीत तो शब्द 'जवळ येणे' असा आहे.