मवाळ वाणी आणि जमाखर्चाची वही

‘जो माणूस हिंसेचा निषेध करतो, त्याच्या पैशांची चौकशी केली तर मवाळ लोक दुखावतील आणि जहालांचे फावेल,’ असे म्हणणारे पुष्कळ सज्जन आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण हा युक्तिवाद टिकत नाही.

अब्दुरहमान अलामुदीचे उदाहरण घ्या. अमेरिकन मुस्लिम कौन्सिलच्या या संस्थापकाची व्हाइट हाउसमध्ये ऊठबस होती. परराष्ट्र खाते त्याला व्याख्यानांसाठी परदेशी पाठवी. ऑक्टोबर 2000 मध्ये त्याने भर सभेत हमास आणि हिजबुल्लाला पाठिंबा दिला, तेव्हा हिलरी क्लिंटन यांनी त्याची देणगी परत केली. देणगी परत करणे सोपे असते. माणसाचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे विचारणे अवघड. ऑगस्ट 2003 मध्ये सीरियाला निघालेल्या अलामुदीजवळ हीथ्रो विमानतळावर 3,40,000 डॉलर रोख सापडले. पैसा लिबियाकडून आलेला. तो सौदी बँकांत ठेवून थोडाथोडा अमेरिकेत आणायचा बेत होता. 2004 मध्ये त्याने गुन्हे कबूल केले आणि त्याला 23 वर्षांची शिक्षा झाली. सौदी युवराज अब्दुल्ला यांच्या हत्येच्या कटातला आपला वाटाही त्याने मान्य केला. पुढे अमेरिकी अर्थखात्याने सांगितले, की त्याच्या अटकेने अल कायदाच्या निधिसंकलनाला जबर फटका बसला. अशा व्यवहारात प्रतिष्ठा हेच खरे भांडवल असते. नावावर विश्वास असला की पावतीमागचा हिशेब कोणी मागत नाही.

यावर दुसरा पक्ष लगेच सरसावतो: ‘बघा, मवाळ मुसलमान म्हणजे निव्वळ मुखवटा!’ हे मला पहिल्याहून घातक वाटते, आणि ते खोटेही आहे. न्यूयॉर्कच्या ‘नोरेड’ या संस्थेने आयरिश कैद्यांच्या कुटुंबांच्या नावाने वर्षानुवर्षे डॉलर गोळा केले, 1981 मध्ये अमेरिकी न्यायालयाने ती आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेची (आयआरए) हस्तक ठरवली. तरी 1983 च्या सेंट पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीचे नेतृत्व तिचे संस्थापक मायकेल फ्लॅनरी यांनाच मिळाले. ते लोक कॅथलिक होते. युक्ती कोणत्याही एका धर्माची नसते. आणि जकातीचे धर्मदान मनापासून देणारा कष्टकरी हा तिचा पहिला बळी असतो. त्याचा घास अनाथाच्या तोंडी पडायच्या आधीच पळवला जातो.

म्हणून माझे मागणे एवढेच: माणसाची वाणी किंवा धर्म पाहू नका, पैसा शेवटी कोणाच्या हाती पडला ते पाहा. हे न पाहिल्याची किंमत मुंबईने 26/11 च्या हल्ल्यात 166 जिवांनी मोजली आहे. लष्कर-ए-तैयबाचा चेहरा असलेली जमात-उद-दावा शाळा आणि रुग्णवाहिका चालवत होती. 26/11 नंतर संयुक्त राष्ट्रांनी तिच्यावर निर्बंध घातले, तर मदतकार्य फलाह-ए-इन्सानियत या नावाखाली सुरू राहिले. पाटी बदलली, माणसे तीच. अखेर फेब्रुवारी 2020 मध्ये लाहोरच्या न्यायालयाने जमातचा प्रमुख हाफिज सईद याला दोषी ठरवले, ते दहशतवादाच्या निधीबद्दल. मुंबईतल्या हत्यांबद्दल पाकिस्तानात त्याला अजूनही शिक्षा झालेली नाही.