वसतिदान आणि वसतीचे विश्वस्त

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्याचे चार प्रकार सांगितले आहेत: आहार, औषध, उपकरण आणि आवास. पहिल्या तीन दानांची परंपरा समाजात आजही जोमाने चालू आहे. भोजनशाळा आहेत, दवाखाने आहेत, ग्रंथप्रकाशनासाठी देणाऱ्यांची नावे दर अंकात छापून येतात. चौथ्या दानाचा मूळ संदर्भ व्रतींच्या निवासाचा. परंतु साधर्मिकाला आधार देण्याची भावना त्याच मुळातून फुटलेली आहे आणि तिचे रूप मात्र अद्याप पुरते ठरलेले नाही. कारण उघड आहे. दिलेले अन्न त्या दिवशी संपते, औषध दुखण्यापुरते लागते. घर दिले की ते तीन पिढ्या दिले जाते. शंभर जणांना जेवू घालताना कोणाला उठवावे लागत नाही. दहा घरे आणि शंभर अर्ज असतील तर नव्वदांना नाही म्हणावे लागते, आणि ते म्हणण्यासाठी चार-पाच माणसांना एका टेबलाभोवती बसावे लागते.

त्या टेबलाभोवती बसणाऱ्यांविषयी समाजात फारसे बोलले जात नाही. वास्तूचे उद्घाटन होते, दात्याची तक्ती लागते, बहुमान होतो. वाटप करणाऱ्या समितीची आठवण निघते ती बहुधा तक्रारीच्या निमित्ताने.

मुंबईपुरते पाहिले तर अशा मंडळांचा इतिहास एका रोगराईपासून सुरू होतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याची वखार; कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या तिथेच. वरच्या मजल्यांवर हवा-उजेड नसलेल्या खोल्यांत हमाल, गुमास्ते आणि त्यांची कुटुंबे दाटीने राहत. शहर ओस पडू लागल्यावर सरकारला जाग आली आणि १८९८ मध्ये कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या विश्वस्त मंडळावर सरकारी अधिकारी होते, महापालिकेने निवडून दिलेले सभासद होते, तसेच व्यापाऱ्यांचे चेंबर, गिरणीमालकांची संघटना आणि पोर्ट ट्रस्ट यांचे प्रतिनिधी होते. ज्याची खोली पाडली जाणार होती त्या भाडेकरूची जागा मात्र मंडळावर नव्हती. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, बीआयटी चाळी उभारल्या. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षे राहिले. हे सगळे खरे असले तरी पहिल्या दोन दशकांत पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक होत्या, आणि उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळींत जाऊन राहिली. विश्वस्तांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांना रस्त्याची रुंदी दिसत होती. त्या रस्त्याखाली गेलेल्या कुटुंबाचे पुढच्या महिन्याचे भाडे कोणी भरायचे, हे त्यांच्यापैकी कोणाच्याच घरचे गणित नव्हते. १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

त्याच काळात, त्याच शहरात एक वेगळी घडण आकाराला येत होती. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी बँकेचा पाया घातला आणि १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदवली गेली. देशातील सहकारी गृहनिर्माणाची वाट तिथून रुळली. मुंबईत कारकुनी करणाऱ्या, बेताच्या पगाराच्या सारस्वत कुटुंबांसाठी ही योजना होती. इमारत संस्थेच्या मालकीची, सभासद हा संस्थेचा भागधारक आणि तिचाच भाडेकरू. कार्यकारी समितीवर बसणारा माणूस त्याच जिन्याने वर जाई. छत गळले तर त्याच्याही अंथरुणावर गळे, आणि भाडे वाढवण्याचा ठराव मांडताना तो स्वतःच्याही खर्चात भर घालत असे. ताडदेवची तालमकीवाडी आज त्यांचे नाव सांगते. पगारदार माणसांनी थोड्या-थोड्या भागभांडवलावर एवढे उभे केले, ही गोष्ट धनाची उणीव नसलेल्या व्यापारी समाजाने शांतपणे विचारात घ्यावी अशी आहे.

पारशी समाजाचे उदाहरण अधिक जवळचे आहे, कारण तिथे दातृत्व मोठे आणि लाभार्थी स्वसमाजाचे. बाई जेरबाई वाडिया यांच्या देणगीतून विसाव्या शतकाच्या आरंभी बागा उभ्या राहू लागल्या. बॉम्बे पारसी पंचायतीकडेही हजारो घरांचा कारभार आला. पंचायतीच्या सात विश्वस्तांची निवड २००८ पासून सर्व प्रौढ समाजबांधवांच्या मतदानाने होऊ लागली. त्यानंतर घरवाटप हा निवडणुकीतील प्रमुख विषय बनला. गरजेनुसार गुण देऊन क्रम लावण्याची पद्धत असतानाही कोणते घर गरजूंना विनामूल्य द्यावे आणि कोणते मोठी रक्कम घेऊन द्यावे, यावरून वाद झाले. काही न्यायालयापर्यंत गेले. यात त्या समाजाला नावे ठेवण्यासारखे काही नाही. ज्यांच्याकडे वाटण्यासारखी घरेच नाहीत, त्यांच्यात असे वादही होत नाहीत.

जैन समाजाची अडचण थोडी निराळी आहे. प्रवाशाला उतरण्याची सोय करण्यात या समाजाचा हात कोणी धरू शकणार नाही. तीर्थक्षेत्री धर्मशाळा आहेत, शहरांत विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे आहेत; सी. पी. टँकची हिराबाग आणि ठिकठिकाणची जैन बोर्डिंगे यांमागे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्यासारख्यांची दूरदृष्टी होती. पण धर्मशाळेत तीन दिवसांचा नियम असतो आणि बोर्डिंगमधून मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो. कायमच्या घराला असा शेवटचा दिवस नसतो. शिवाय श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत सात क्षेत्रांची मर्यादा आहे. जिनमंदिर आणि जिनप्रतिमा यांच्यासाठी आलेले देवद्रव्य श्रावक-श्राविकांच्या उपयोगाला लावता येत नाही. खालच्या क्षेत्राचे द्रव्य वरच्या क्षेत्राकडे जाऊ शकते, वरचे खाली उतरत नाही. म्हणून देरासराच्या खात्यात मोठी शिल्लक असताना त्याच गल्लीतील श्रावक भाड्याच्या खोलीतून भाईंदरला किंवा विरारला सरकतो, आणि विश्वस्त हळहळण्यापलीकडे काही करू शकत नाहीत. ही मर्यादा मोडावी असे सुचवण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच की साधर्मिक भक्तीसाठी वेगळी झोळी फिरते तेव्हा ती किती भरते. स्वप्नांच्या बोलीला जे आकडे ऐकू येतात ते या झोळीच्या वाट्याला क्वचितच येतात.

बोलीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याची बोली मोठी त्याला लाभ, ही रीत समाजाच्या अंगवळणी पडलेली आहे आणि तिच्या जागी ती योग्यच आहे. घरवाटपात ती नकळत शिरते. एक मजला बांधून देणारा दाता दोन खोल्या आपल्या पेढीवरच्या जुन्या मेहताजींसाठी राखून मागतो. मेहताजी खरोखर गरजू असतात, प्रामाणिक असतात, त्यांनी चाळीस वर्षे पेढी सांभाळलेली असते. त्यांना घर देणे हे मालकाचे कर्तव्य आहेच. मात्र ते समाजाच्या निधीतून पार पाडले तर दान कोणी केले आणि फेड कोणाची झाली, हा हिशेब अवघड होतो. अशा वेळी समितीतील सर्वांत तरुण सभासदाने बोलायचे की सर्वांत वृद्धाने, हेही ठरलेले नसते. बहुधा कोणीच बोलत नाही आणि ठराव सर्वानुमते मंजूर होतो.

साधूंच्या आचारात याविषयी एक सूक्ष्म नियम आहे. ज्या गृहस्थाने राहायला जागा दिली तो शय्यातर. साधू-साध्वी तिथे मुक्कामाला असताना त्या शय्यातराच्या घरची गोचरी घेत नाहीत. वसती देणाऱ्यावर दुहेरी भार पडू नये, नाही तर पुढे वसती मिळणेच दुर्लभ व्हावे, असा एक विचार त्यामागे सांगितला जातो. त्यातून देणारा आणि घेणारा यांच्यातला व्यवहार एका धाग्यापुरता राहतो, त्याची दोरी होत नाही. घराची समिती चालवणाऱ्यांना हा नियम कायद्याच्या पुस्तकापेक्षा अधिक शिकवून जातो. अर्जदार सभासदाचा भाचा असेल, देणेकरी असेल किंवा त्याच्या दुकानातून माल उचलणारा असेल, तर त्या अर्जाच्या वेळी सभासदाने खोलीबाहेर जावे आणि तो बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. व्यापारी समाजात सगळेच एकमेकांचे काही ना काही लागतात. त्यामुळे बाहेर जाण्याचे प्रसंग वारंवार येतील आणि पाचांची समिती पुरणार नाही. सात-नऊ माणसे लागतील.

कायदाही याच बाजूचा आहे. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाने खासगी न्यासांसाठी घालून दिलेले तत्त्व असे की विश्वस्ताला आपल्या कामाचा मोबदला मागण्याचा हक्क नाही, आणि न्यासाच्या मालमत्तेतून त्याने स्वतःचा लाभ साधता कामा नये. सार्वजनिक न्यासांचे विश्वस्तही याच कसोटीला लावले जातात. महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. हिशेबाची तपासणी तर दरवर्षीची. हे सारे मिळकतीचे रक्षण करते. पण ती मिळकत कोणाच्या डोक्यावरचे छप्पर व्हावी, हे कायदा सांगत नाही. ते समितीलाच ठरवावे लागते.

ठरवण्याच्या एका पद्धतीत माणसाचा हात कमीत कमी लागतो. म्हाडाची सोडत ही तशी पद्धत. उत्पन्नाचे गट ठरलेले, अर्ज आले, संगणकाने नावे काढली. लाखभर अर्ज असतात तिथे याहून न्याय्य मार्ग सुचत नाही. चाळीस खोल्यांच्या समाजवसतीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तिथे अर्जदार माहितीतले असतात आणि त्यांच्या गरजा एकसारख्या नसतात. विधवा आई आणि तिचा नोकरी शोधणारा मुलगा, दोन लहान मुलींसह पागडीच्या खोलीतून निघालेले जोडपे, सून-मुलगा परदेशी असलेले पण त्यांच्याकडून पैसा न येणारे वृद्ध दांपत्य: यांना एका चिठ्ठीच्या डब्यात घालणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय. आधी गरजेचा क्रम लावावा, आणि क्रम समान ठरेल तिथे चिठ्ठी काढावी.

सर्वांत कठीण जागा याहून वेगळी आहे. व्यापारी घरातला गरजू माणूस अर्जच करत नाही. ज्याची पेढी पाच वर्षांपूर्वी बाजारात वजनदार होती, तो उत्पन्नाचा दाखला जोडून खोली मागायला येत नाही; त्याच्या मुलीचे लग्न अजून व्हायचे असते. त्याच्यासाठी गुप्तता हवी. समाजाने दिलेल्या पैशाचा हिशेब मात्र उघड हवा. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकमेकींच्या विरुद्ध जातात. गुप्तदानाची परंपरा सांगते की उजव्या हाताचे डाव्याला कळू नये. हिशेब तपासणारा सांगतो की व्हाउचर दाखवा. काही ठिकाणी यातून मार्ग काढतात तो असा: निकष, खोल्यांची संख्या, अर्जांची संख्या आणि वाटपाचे आकडे वार्षिक सभेपुढे ठेवायचे, नावे फक्त समितीकडे आणि समाजाबाहेरच्या एका तपासनिसाकडे. परिपूर्ण व्यवस्था ही नव्हे. नावे न कळल्यामुळे कुजबुज होतेच. तरीही कुजबुज सहन करणे समितीला शक्य असते, आणि त्या बापाला ती सहन करणे शक्य नसते.

अशा समित्यांवर येतात कोण? बहुधा दुकान मुलाकडे सोपवलेले साठी-सत्तरीतले गृहस्थ. त्यांना बांधकाम कळते, सिमेंटचा भाव कळतो, माणूसही ओळखता येतो. त्यांना जे सहसा माहीत नसते ते घरातल्या बायकांना माहीत असते: सामाईक संडास असलेल्या चाळीत वयात आलेल्या मुलीला रात्री काय वाटते, मोरीला आडोसा नसला की काय होते, पाणी पहाटे चारला येत असेल तर कोण उठते. सहकारी संस्थांच्या समित्यांवर महिलांसाठी जागा राखण्याची तरतूद कायद्यात आहे. समाजाच्या न्यासांच्या यादीत मात्र स्त्रीचे नाव अजून शोधावे लागते. महिला मंडळाकडे स्वामिवात्सल्याची व्यवस्था असते, वसतीची नसते. घरोघरच्या सुना आज सनदी लेखापाल आणि वास्तुविशारद आहेत, हे लक्षात घेता ही उणीव माणसांच्या टंचाईमुळे आहे असे म्हणता येत नाही.

वाटपानंतरचे काम कंटाळवाणे आणि न संपणारे असते. गच्चीची गळती, लिफ्टचा करार, पोटभाडेकरू ठेवल्याची कुणकुण, मूळ रहिवासी वारल्यावर दोन मुलांपैकी खोली कोणाच्या नावे करायची, मुलाचे उत्पन्न वाढले तर खोली परत मागायची की नाही. बांधताना तक्तीसाठी दाते मिळतात. वीस वर्षांनी प्लास्टरसाठी मिळत नाहीत. म्हणून दुरुस्तीचा निधी पहिल्या दिवशीच बाजूला काढावा लागतो, आणि तो काढण्यासाठी दोन खोल्या कमी बांधण्याचे धैर्य समितीला दाखवावे लागते.

आणि नकाराचे पत्र. वाटप झालेल्या कुटुंबाला घरी जाऊन साखर देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. उरलेल्यांना काही कळवले जात नाही. ते दोन महिने वाट पाहतात, मग कोणाकडून तरी ऐकतात. अर्ज का बसला नाही, प्रतीक्षायादीत क्रमांक कितवा आहे आणि पुन्हा कधी विचार होईल, एवढ्या तीन ओळी सहीनिशी लिहून पाठवायला एक संध्याकाळ पुरते. पर्युषणानंतर क्षमापनेच्या पत्रिका ज्या यादीवरून रवाना होतात, त्याच यादीत ही नावेही असतात.