एक नंबरची जोड आणि सत्तावन्न किलोचं पोरगं

यात्रांचा हंगाम तोंडावर आला की आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात गावोगावी एकच प्रश्न सुरू होतो. "यंदा एक नंबरला कोण?" पाणी आलं का, शाळेची खोली गळती का, हे नंतर. आधी एक नंबरला कोण. पंजाबचा आणायचा की हरियाणाचा, आणि त्याच्यासमोर आपला कोण उभा करायचा. कमिटीतले आण्णा-आबा फोनवर फोन लावतात, लोकवर्गणीचा आकडा वाढतो, आणि एका कुस्तीसाठी गावाची निम्मी थैली रिकामी होते.

मी कुस्तीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये माझी जात, पक्ष आणि गाव काढलं जाईल. कुंडलच्या मैदानाला मीही उन्हात बसलोय, हलगी कडाडली की माझ्याही अंगावर काटा येतो. माझा राग कुस्तीवर नाही. पैसा कुठल्या पोरावर लावला जातो आणि कुणाच्या ताटातला काढून लावला जातो, त्यावर आहे.

पोस्ट लांब आहे. थोडं अमेरिकेला जाऊन येऊ, मग परत कराडला.

तिकडे बास्केटबॉलची एनबीए म्हणून लीग आहे. दरवर्षी नवी पोरं संघांना वाटून दिली जातात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. साधारण जो संघ जास्त हरलाय त्याला आधी निवडायची संधी. म्हणजे आज मार खाल्ला तरी उद्याची सोय. पण हा उद्याचा नंबर विकता येतो. "आमचा २०१६ चा नंबर तुम्ही घ्या, तुमचा आजचा स्टार आम्हाला द्या." २०१३ साली ब्रुकलिन नेट्सनं नेमकं हेच केलं. बोस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स घेतले. एकाचं वय ३७, दुसऱ्याचं ३५. बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे नंबर देऊन टाकले, वर २०१७ चा अदलाबदलीचा हक्क. काय मिळालं? प्लेऑफची एक फेरी जिंकली. पिअर्स वर्षात गेला, गार्नेट त्यानंतर काही महिन्यांनी. संघ तळाला गेला, आणि तळाला गेल्यावर जी चांगली पोरं मिळायची ती बोस्टनला मिळाली. त्या व्यवहारातून आलेले जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम यांनी २०२४ ला बोस्टनला विजेतेपद मिळवून दिलं. बापानं दारातला आंबा विकला, आणि शेजारी वर्षानुवर्षं आमरस खातोय, तसं.

त्याही आधी क्लीव्हलंडच्या संघाचा टेड स्टेपियन नावाचा मालक होता. त्यानं पुढच्या वर्षांचे नंबर असे काही उधळले की लीगलाच नियम करावा लागला : पुढच्या सलग दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे नंबर कुणी विकायचे नाहीत. नियमाला आजही त्याचंच नाव आहे. एवढ्या धंदेवाईक लोकांनाही कळलं की मालकाला स्वतःच्या हौसेपासून वाचवायला लागतं.

आणि दुसरी गोष्ट उंच पोरांची. १९८४ ला पोर्टलँडनं दुसऱ्या नंबरवर सॅम बोवी घेतला, सात फुटी, पायाची दुखणी आधीपासून माहीत असलेला. तिसऱ्या नंबरवर शिकागोला मायकल जॉर्डन मिळाला. २००७ ला त्याच पोर्टलँडनं पहिल्या नंबरवर ग्रेग ओडन घेतला, परत सात फुटी. पहिला हंगाम सुरू व्हायच्या आधीच गुडघ्याचं ऑपरेशन. सगळ्या कारकिर्दीत १०५ सामने. त्याच्या मागे दुसऱ्या नंबरवर कोण होता? केव्हिन ड्युरांट. धिप्पाड पोरगं दिसलं की शहाण्या माणसाची अक्कलही गहाण पडते, हे असं. आपल्या पंजाबचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, २०१५ ला डॅलसनं ५२ व्या नंबरवर घेतला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. एनबीएचा एक सामना खेळला नाही. पुढे तो कुस्तीत गेला. आपली नव्हे, टीव्हीवरची.

आता या कराडला.

आपल्याकडं ड्राफ्ट नाही, पण गहाणवट आहे. पोरगं चौदा-पंधराचं झालं, हाडापेरानं मोठं दिसलं, की घर म्हणतं याला पैलवान करायचा. करायला हरकत नाही. पण करतात कसं? दूध, तूप, बदाम, आता पावडरीचे डबे. खुराक थांबवता येत नाही, कारण थांबवला की मागचा सगळा वाया. मग अर्धा एकर गहाण. मग धाकट्याची फी. मग बहिणीसाठी ठेवलेले चार पैसे. एका पोराच्या अंगावर तीन पोरांचा वाटा चढतो. हे उद्याचे नंबर विकणंच आहे. फक्त इथं विकले जाणारे नंबर त्याच घरात जेवायला बसतात.

असं एक घर मला माहीत आहे. नाव-गाव लिहीत नाही, त्यांना त्रास नको. पोरगं सोळाव्या वर्षी ९८ किलो. आसपासच्या मैदानांत त्याच्या वयाचं कुणी टिकत नव्हतं. लोकांनी दोन वर्षांतच त्याला मोठ्या जोडीत ओढलं, कारण फ्लेक्सवर फोटो चांगला दिसायचा. एका यात्रेत त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या गड्यासमोर उभा केला. गुडघा वळला, लिगामेंट गेलं. ऑपरेशनला पैसे जमवायला जेवढे लोक आले त्याच्या शंभर पट लोक ती कुस्ती बघायला होते. धाकटा भाऊ आयटीआय सोडून गळीत हंगामात ट्रॅक्टर चालवतोय. थोरला घरी आहे, वजन उतरत नाही, काम झेपत नाही.

यात त्या पोराचा दोष शून्य. वस्ताद लोक खासगीत सांगतात, मोठं पोरगं लहान वयात वजनावर जिंकतं. समोरच्यावर नुसतं पडलं तरी कुस्ती होते. त्यामुळं डाव शिकायची गरजच पडत नाही. बारीक पोराला मात्र पहिल्या दिवसापासून डाव शिकावाच लागतो, नाहीतर तो उचलून आपटला जातो. पुढं सीनियर गटात गेल्यावर सगळेच शंभर किलोचे. तिथं वजनाची मक्तेदारी संपते आणि उरतं ते शिकलेलं. ज्यानं शिकलंच नाही त्याचं काय उरणार?

आता एक आकडा बघा आणि मला खोडून दाखवा. भारताला ऑलिम्पिकमध्ये कुस्तीची आठ पदकं मिळालीत. खाशाबा जाधव १९५२ हेलसिंकी, ५७ किलो. सुशील कुमार २००८ आणि २०१२, दोन्ही वेळा ६६ किलो. योगेश्वर दत्त ६० किलो. साक्षी मलिक ५८ किलो. रवी दहिया ५७ किलो. बजरंग पुनिया ६५ किलो. अमन सेहरावत २०२४ पॅरिस, ५७ किलो. आठच्या आठ पदकं ६६ किलो किंवा त्याच्या खाली. एकही अपवाद नाही. सत्तर वर्षांत एकही!

आणि आपल्याकडं मान कुठल्या वजनाला? महाराष्ट्र केसरीचा खुला गट ८६ ते १२५ किलो. बाकीच्या वजनगटांच्या कुस्त्या त्याच स्पर्धेत होतात, पण तिथला विजेता कोण हे त्याच्या मामालाच माहीत असतं. गदा, गाडी, मिरवणूक, फ्लेक्स सगळं ८६ च्या वर. गोळेश्वरचे खाशाबा आज तरुण असते तर त्या गदेसाठी त्यांना वजनकाट्यावरूनच परत पाठवलं असतं. बीडच्या राहुल आवारेनं २०१८ ला राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं ५७ किलोत, २०१९ ला जागतिक स्पर्धेचं ब्राँझ घेतलं ६१ किलोत. गदेच्या हिशोबात तो बसतच नाही. हा आपला मापदंड, आणि वर आपणच विचारतो की हरियाणा पुढं का गेला.

खाशाबांचीच गोष्ट घ्या, कारण ती सगळे सांगतात आणि अर्धवट सांगतात. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हे प्रत्येक जयंतीच्या भाषणात येतं. पुढचं येत नाही. परत आल्यावर खाशाबांनी मैदानं घेऊन पैसे जमवले आणि ते कर्ज फेडायला लावले. म्हणजे मैदान तेव्हा माणसाला कर्जातून काढायला वापरलं गेलं. आज मैदानासाठी घरं कर्जात जातात. तेव्हाही गहाणवट होतीच, पण ती उंची बघून नव्हती. चार वर्षं आधी लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये सहावा आलेला, कसलेला गडी होता तो.

"मग आंदळकर, मारुती माने कोण होते?" हा प्रश्न येणार. बरोबर आहे. पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने, दोघंही सांगली जिल्ह्याचे, दोघंही हिंदकेसरी, दोघंही धिप्पाड, आणि दोघांनीही १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये पदकं मिळवली. त्यांच्यापुढं मी हात जोडतो. पण त्यांच्या नावावर आज जो कारभार चाललाय त्याला ते जबाबदार नाहीत. साठ वर्षांपूर्वीचे दोन हिरे दाखवून आजच्या शंभर पोरांचे गुडघे मागायचे, हा कुठला न्याय?

दुसरा मुद्दा नोकरीचा. "गदा मिळाली तर पोरगं डीवायएसपी होतंय." झालेत, विजय चौधरी झालेत. राहुल आवारेही झाले, आणि ते बारीक वजनातून. पण वर्षाला गदा एक. (मध्ये परिषदांच्या भांडणात एकाच वर्षी दोन-दोन स्पर्धा झाल्या, तो भाग वेगळा.) त्या एका गदेसाठी किती तालमीतली किती पोरं रांगेत उभी आहेत हे मोजा. तेच घर पोलीस भरतीला पोरगं बसवताना हिशोब करतं, जागा किती, अर्ज किती. कुस्तीत हिशोब विचारला की माणूस गद्दार ठरतो.

तिसरा मुद्दा खरा आहे, आणि त्याला उत्तर देणं अवघड आहे. "मोठी कुस्ती नसली तर माणूस येत नाही, माणूस नाही तर वर्गणी नाही." मान्य. पण बघा तरी होतं काय. दुपारी दोनपासून लहान पोरांच्या शंभर-दोनशे रुपयांच्या कुस्त्या लागतात, झटपट, चितपट, बघणाऱ्याचं पारणं फिटावं अशा. तेव्हा पुढारी यायचे असतात, माईकवर सत्कार सुरू असतात, पोरं फेटे आणि नारळांच्या मधून वाट काढत आखाड्यात उतरतात. आणि दिवस मावळल्यावर लाखांची जोड लागते. दोघं वीस-पंचवीस मिनिटं एकमेकांच्या मानेला धरून उभे. मग पंच हात वर करतात, बरोबरी. पैसे दोघांना. लोक चडफडत चपला शोधतात. दोघांचं आधीच ठरलं होतं का, यावर घरी जाताना गाडीवर चर्चा. याला गर्दी खेचणारी कुस्ती म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि पोरींचं तर विचारूच नका. पहिली महिला महाराष्ट्र केसरी २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. त्यानंतर किती यात्रा कमिट्यांनी पत्रिकेत मुलींची एक जोड घातली? आपापल्या गावची पत्रिका काढून बघा. राष्ट्रकुलमध्ये २०२२ ला ५५ किलोत रौप्य उचलणारा वेटलिफ्टर संकेत सरगर सांगलीचा. २०२३ ला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याची. या मातीत काय पिकतंय हे दिसतंय, आणि आम्ही पाणी दुसऱ्याच सरीला सोडतोय.

मी नुसती टीका करून थांबत नाही. स्टेपियनचा नियम आपल्याही गावाला लावा. समजा गावानं दहा लाख जमवले. कुठल्याही एका कुस्तीला त्यातल्या तीन लाखांच्या वर जायचं नाही, मग समोर इराणचा असो नाहीतर तुर्कस्तानचा. ६५ किलोच्या आतल्या पोरांसाठी आणि मुलींसाठी वेगळी थैली, आणि ती सलग दोन वर्षं रिकामी ठेवायला कमिटीला बंदी. अठराच्या आतल्या पोराला मोठ्यांच्या जोडीत लावायचं नाही, त्याच्या बापानं पाया पडून सांगितलं तरी नाही. आखाड्याजवळ डॉक्टर, आणि मैदानात जखमी झालेल्या पोराच्या ऑपरेशनचा खर्च त्याच थैलीतून. फ्लेक्सचा खर्च निम्मा केला तर यातलं बरंच भागतं, हे कुठल्याही खजिनदाराला विचारा.

पुढाऱ्यांना काही सांगत नाही. त्यांना गदेबरोबर फोटो लागतो, ५७ किलोच्या पोराबरोबर फोटोत ते फार जाड दिसतात.

आमच्या कमिटीची मीटिंग येत्या शनिवारी रात्री देवळात आहे. माझी वर्गणी मी देणार, दरवर्षीएवढीच. फक्त पावतीवर "६५ किलोच्या आतील कुस्त्यांसाठी" असं लिहून, खजिनदाराची सही घेऊन. तसं लिहून देत नसतील तर ते पैसे तालमीत थेट वस्तादांच्या हातात देईन, मॅट फाटलीय तिच्यासाठी. आणखी चौघांनी असंच करायचं ठरवलंय. पाचवा कोण असेल तर खाली लिहा.